होनोलुलू-ग्वॉम विमानमार्ग

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे व मेअरिआना बेटे यांना जोडणारा लांब पल्ल्याचा विमानमार्ग. याचे पूर्वेकडील टोक ओआहू बेटावरील होनोलुलू विमानतळ (२१° १९′ उ. व १५७° ५५′ प.) हे असून पश्चिमेकडील टोक ग्वॉम बेटावरील तामूनिंग येथील विमानतळ (१३° २९′ उ. व १४४° ४८′ पू.) हे आहे. दोन्ही ठिकाणे १८९८ पासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सत्तेखाली आली. हवाई बेटांना १९५९ मध्ये घटक राज्याचा दर्जा मिळाला, तर ग्वॉम हा अद्यापि त्या देशाचा एक प्रदेश आहे.

दोन्ही विमानतळांमधील कमीत कमी अंतर सुमारे ६,११० किमी. (सु. ३,३०० सागरी मैल) आहे. मुंबई-लंडन अंतरापेक्षा ते सुमारे ११०० किमी.नी कमी आहे. थेट जाणाऱ्या जेट विमानाला होनोलुलूहून ग्वॉमला पोहोचण्यास साधारणतः पावणेआठ ते सव्वाआठ तास लागतात. ग्वॉमहून परत येण्यास मात्र सात ते साडेसात तास पुरतात. वाटेतील बेटांवर थांबत जाणारे विमान हाच प्रवास १४ ते १६ तासांत पुरा करते. अंतर ठरविण्याचे काम भूमितीचे आहे, परंतु वेळ ठरते ती वारा, इंधन आणि अडचणीच्या प्रसंगी उतरण्याजोगी जमीन यांवरून. सागरावरील विमानमार्गांच्या बाबतीत सर्वत्र आढळणारी ही गोष्ट या मार्गावर विशेष स्पष्टपणे दिसते.

अंतर : पृथ्वीच्या पृष्ठावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन ठिकाणांतून व पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने पृष्ठभागावर आखला जाणारा वर्तुळाचा चाप होय. अशा वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असल्यास गोलीय त्रिकोणमितीने या चापाचा पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन काढता येतो. प्रस्तुत मार्गाच्या बाबतीत तो सुमारे ५४·९° भरतो. एका अंशाचा चाप सुमारे १११·२ किमी. लांबीचा असल्याने वर दिलेले अंतर मिळते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे अचूक गणिताने त्यात काही किमी.ची भर पडते.

नकाशात ग्वॉम हे होनोलुलूच्या पश्चिमेस व जवळजवळ आठ अंश दक्षिणेस दिसते. त्यामुळे विमानाने प्रारंभापासूनच नैर्ऋत्येकडे झुकून जावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बृहद्‌वृत्तावरून जाणारे विमान होनोलुलू सोडताना सरळ पश्चिमेकडे, किंबहुना दीड-दोन अंश उत्तरेकडे झुकून निघते. त्याची दिशा वाटेत सतत थोडीथोडी डावीकडे वळत जाते व ग्वॉमजवळ ते पश्चिमेच्या सुमारे १७° दक्षिणेकडे रोख करून उतरते. याऐवजी होकायंत्रातील एकच दिशा शेवटपर्यंत धरून ठेवली, तर अंतर वीस-पंचवीस किमी.नीच वाढते. टोकिओ-सॅन फ्रॅन्सिस्को या अधिक उत्तरेकडील मार्गावर मात्र अशा दोन मार्गांच्या लांबीत ४०० किमी.हून अधिक फरक पडतो. विषुववृत्ताजवळ अक्षवृत्ते बृहद्‌वृत्तासारखीच असल्याने हा फरक अल्प राहतो. म्हणूनच या मार्गावर वैमानिकाला भूमितीपेक्षा वाऱ्याची चिंता अधिक करावी लागते.

वारा व वेळ : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ठिकाण ‘सामोरे येते’ व त्याचा वेळ वाचतो, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते व विमान वातावरणाच्या संदर्भात पुढे सरकते. शिवाय या मार्गावरील अनुभव नेमका उलट आहे. वेळेत जो फरक पडतो, तो वातावरणाच्या पृथ्वीसापेक्ष गतीमुळे, म्हणजेच वाऱ्यामुळे होय.

हवाई बेटे व मायक्रोनीशिया यांच्या दरम्यान समुद्रसपाटीलगत वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून व ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. जेट विमाने १० ते १२ किमी. उंचीवरून जातात. तेथे, विशेषतः हिवाळ्यात आणि मार्गाच्या उत्तरेकडील भागात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचे प्राबल्य असते. उपोष्ण कटिबंधीय जेट प्रवाह याच्याही उत्तरेस असला, तरी त्याची कड या मार्गापर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात हे वारे मंदावतात व मार्गाच्या पश्चिम भागात कधीकधी त्यांची दिशाही पालटते. समुद्रावरून पाचसहाशे वर्षांपूर्वी गेलेल्या शिडाच्या होड्यांना अनुकूल असणारा वारा आजच्या विमानाच्या कामी येत नाही. विमानाला लागणारा वारा त्याच जागी, परंतु दहा किमी. वर आणि बहुधा उलट दिशेने वाहत असतो.

वाऱ्याचा परिणाम साध्या हिशोबाने समजू शकेल. विमानाचा हवेच्या संदर्भात वेग ताशी ८५० किमी. मानल्यास निर्वात स्थितीत ६,११० किमी. जाण्यास सुमारे ७ तास ११ मिनिटे लागतील. ताशी ८० किमी. वेगाचा वारा समोरून असल्यास जमिनीच्या संदर्भात वेग ७७० किमी. होऊन प्रवासाला सुमारे ७ तास ५६ मिनिटे लागतील. परतीच्या वेळी तोच वारा पाठीशी असल्याने वेग ९३० किमी. होईल व ६ तास ३४ मिनिटांत प्रवास पुरा होईल. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जाताना झालेले नुकसान येताना पूर्णपणे भरून निघत नाही. प्रतिकूल वाऱ्यात विमानाला जास्त वेळ काढावा लागतो व अनुकूल वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेचा असला, तरी जाऊन येऊन लागणारा एकूण वेळ थोडा वाढतोच. या आकड्यांत विमान धावपट्टीपर्यंत नेणे, वर चढणे व खाली उतरणे यांसाठी लागणाऱ्या वेळेची भर घालावी लागते. वेळापत्रकातील वेळ त्यामुळे हिशोबापेक्षा नेहमी अधिक असते.

घड्याळातील वेळ हा याहून वेगळा प्रश्न आहे. होनोलुलूची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या दहा तास मागे, तर ग्वॉमची दहा तास पुढे आहे. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांतील खरा फरक सुमारे ५७° आहे. सूर्याच्या हिशोबाने तो चार तासांहूनही थोडा कमी भरतो. परंतु मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा असल्यामुळे घड्याळे चार तासांनी व दिनदर्शिका एका दिवसाने भिन्न असतात. होनोलुलूहून रविवारी सकाळी सातला निघालेला प्रवासी आठ तासांनी ग्वॉमला उतरतो, तेव्हा तेथे सोमवारचे सकाळचे अकरा वाजलेले असतात. उलट, ग्वॉमहून सोमवारी सकाळी सातला निघून सात तासांनी होनोलुलूला उतरणाऱ्यास रविवारची संध्याकाळ पुन्हा पाहावयास मिळते. वेळापत्रकातील निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा काळ काढू पाहणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

इतिहास : पॅसिफिकवरील नियमित विमान वाहतुकीचा प्रारंभ याच मार्गाने झाला. पॅन अमेरिकन कंपनीच्या ‘चायना क्लिपर’ या चार एंजिनांच्या मार्टिन एम-१३० जातीच्या जलविमानाने २२ नोव्हेंबर १९३५ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोजवळील ॲलमीडाहून टपाल घेऊन उड्डाण केले आणि होनोलुलू, मिडवे, वेक व ग्वॉम येथे मुक्काम करीत ते २९ नोव्हेंबरला मानिलाला पोहोचले. एडविन म्यूझिक हे त्याचे प्रमुख वैमानिक व फ्रेड नूनन हे मार्गनिर्देशक होते. प्रवासी वाहतूक ऑक्टोबर १९३६ मध्ये सुरू झाली.

होनोलुलूपासून मिडवे सुमारे २,१०० किमी., मिडवेपासून वेक १,९०० किमी. व वेकपासून ग्वॉम २,४०० किमी. आहे. म्हणजे हा मार्ग थेट मार्गापेक्षा सुमारे ३०० किमी.नीच अधिक लांब होता. परंतु विमानाचा वेग ताशी सुमारे २१० किमी. असल्याने नुसत्या उड्डाणालाच तीस तास लागत व प्रत्येक बेटावर रात्र काढावी लागे. वेकवर तर कायम वस्ती नव्हती. ‘नॉर्थ हेवन’ या जहाजाने १९३५ मध्ये घरे, इंधन, बिनतारी यंत्रे व माणसे तेथे नेली आणि जलविमानाला उतरता यावे म्हणून खारकच्छातील प्रवाळखडक सुरुंगाने फोडण्यात आले. त्या काळची विमाने कमी उंचीवरून जात असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना त्यांना व्यापारी वाऱ्यांचा उपयोग होत असे. आजच्या विमानांच्या अनुभवाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे.

खरी अडचण अंतराची नसून बेट सापडण्याची होती. वेकचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौ. किमी. असून त्याची समुद्रसपाटीपासून कमाल उंची अवघी सहा-सात मी. आहे. होनोलुलूहून निघताना दिशेत एका अंशाची चूक झाली व ती सुधारली गेली नाही, तर वेकच्या अंतरावर विमान सुमारे ६५ किमी. बाजूला जाईल. ढगांच्या सावल्यांत तेवढ्या अंतरावरून हे बेट दिसणे शक्य नव्हते. यासाठी वेग, दिशा व गेलेला काळ यांवरून स्थान अजमावणे, सेक्स्टंटने ताऱ्यांचे वेध घेणे आणि बेटांवर उभारलेल्या दिशाशोधक बिनतारी केंद्रांची मदत घेणे, अशा तीन पद्धती एकमेकींच्या जोडीने वापरीत. हेच नूनन पुढे अमेलिया एअरहार्ट यांच्या जगप्रदक्षिणेत मार्गनिर्देशक होते. न्यू गिनीतील लाए येथून सुमारे ४,१०० किमी.वरील हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे निघालेले त्यांचे विमान २ जुलै १९३७ रोजी नाहीसे झाले. बेटाजवळ थांबलेल्या जहाजाला त्यांचा आवाज मोठ्याने ऐकू येत होता, परंतु विमानाला बेट सापडले नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने वेक व ग्वॉमवर हल्ले करून ती बेटे घेतली आणि हा मार्ग बंद पडला. युद्धकाळात दोन्ही पक्षांनी बेटोबेटी लांब धावपट्ट्या बांधल्या. त्यामुळे युद्धानंतर जलविमानांची गरजच उरली नाही. ग्वॉमचा आजचा विमानतळ मूळच्या जपानी धावपट्टीच्या जागी आहे. तेथील अमेरिकन नौदलाचा तळ १९९५ मध्ये बंद झाला. लांब पल्ल्याची जेट विमाने आल्यावर वेक येथे इंधन घेण्याचीही आवश्यकता राहिली नाही.

पर्यायी विमानतळ : थांबण्याची गरज संपली, तरी या बेटांचे महत्त्व संपलेले नाही. लांब सागरी मार्गावरील विमानाला प्रत्येक क्षणी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते, ते म्हणजे एक एंजिन बंद पडले किंवा विमानातील हवादाब गेला, तर जावयाचे कोठे? जेथून पुढे जाण्यास व मागे फिरण्यास सारखाच वेळ लागतो त्या ठिकाणास समकाल बिंदू म्हणता येईल. निर्वात स्थितीत तो मार्गाच्या मध्यावर असतो. वारा समोरून असल्यास तो पुढे सरकतो, कारण मागे फिरणाऱ्या विमानाला त्या वाऱ्याची मदत होते. वरच्या उदाहरणात वाटेत बेटे नाहीत असे मानल्यास तो होनोलुलूपासून सुमारे ३,३४० किमी.वर येईल व तेथून कोणत्याही टोकास पोहोचण्यास पूर्ण वेगानेही साडेतीन तासांपेक्षा अधिक काळ लागेल. एकाच एंजिनावर विमान मंद व कमी उंचीवरून चालत असल्याने हा काळ आणखी वाढेल.

अमेरिकेत १९५३ पासून दोन एंजिनांच्या विमानांना पर्यायी विमानतळापासून एक तासाहून दूर जाण्यास सामान्यतः मनाई होती. एंजिनांची विश्वसनीयता वाढल्यावर १९८५ मध्ये ही मर्यादा योग्य ती पात्रता सिद्ध करणाऱ्या विमानांसाठी दोन तासांपर्यंत व पुढे तीन तासांपर्यंत वाढविण्यात आली. या सवलतीमुळेच दोन एंजिनांची विमाने पॅसिफिकवरून जाऊ लागली. बोइंग ७७७ हे त्यांपैकी एक विमान या मार्गावर वापरले जात आले आहे. तीन तासांची मर्यादादेखील येथे पाळता येते ती वेक व मिडवे यांच्यामुळे. थेट मार्ग वेकच्या दक्षिणेस अवघ्या ७० किमी.वरून जातो. होनोलुलू-वेक टप्प्याचा मध्य दोन्हीकडून सुमारे १,८५० किमी. दूर असला, तरी तेथून मिडवे उत्तरेस सुमारे ८३० किमी.वरच आहे. मिडवे हे आता पक्ष्यांचे अभयारण्य असून तेथे लाखो ॲल्बट्रॉस पक्षी घरटी करतात. नियमित प्रवासी वाहतूक नसतानाही तेथील धावपट्टी केवळ अडचणीत सापडणाऱ्या विमानांसाठी सुस्थितीत ठेवली जाते. जून २०११ मध्ये होनोलुलूहून ओसाकाला जाणारे एक बोइंग ७४७ विमान समोरची काच तडकल्यामुळे तेथे सुखरूप उतरविण्यात आले. जॉन्स्टन बेटावरील विमानतळ मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सैन्याने ते बेट सोडल्यावर बंद झाला.

हवादाब जाण्याचा प्रसंग इंधनाच्या दृष्टीने सर्वांत कठीण मानतात. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानाला सुमारे तीन किमी. उंचीपर्यंत खाली यावे लागते व तेथील दाट हवेत इंधन पुष्कळ अधिक खर्च होते. निघताना घेतलेले इंधन या प्रसंगालाही पुरले पाहिजे, असा नियम आहे. ग्वॉमला पोहोचूनही उतरता आले नाही, तर रोता व सायपान ही बेटे जवळच आहेत. तथापि टायफूनच्या वेळी ही सर्वच बेटे एकदम त्याच्या तडाख्यात सापडू शकतात. मे २०२३ मधील मावार टायफूनमुळे ग्वॉमचा विमानतळ काही दिवस प्रवासी वाहतुकीस बंद होता. आग्नेय पॅसिफिकमधील ईस्टर बेटासारख्या ठिकाणी असा शेजारही नाही. मोठी विमाने उतरू शकणारा दुसरा विमानतळ तेथून हजारो किमी. दूर असल्याने अशा एकाकी विमानतळांकडे जाताना पर्यायी विमानतळाऐवजी सुमारे दोन तासांचे जादा इंधन बाळगण्याची पद्धत आहे.

बेटोबेटीचा मार्ग : होनोलुलूहून माजुरो, क्वाजालेन (मार्शल बेटे), कोस्राई, पोनपेई, चुउक (मायक्रोनीशियाची संघीय संस्थाने) अशा पाच ठिकाणी थांबून ग्वॉमला जाणारी सेवा वेगळी आहे. तिचा आरंभ एअर मायक्रोनीशिया या कंपनीने मे १९६८ मध्ये बोइंग ७२७ विमानांनी केला. त्या वेळी काही धावपट्ट्या कुटलेल्या प्रवाळाच्या होत्या. उडणाऱ्या खड्यांपासून बचाव व्हावा म्हणून विमानांच्या पोटाला संरक्षक लेप दिलेला असे. कोस्राईचा विमानतळ १९८६ मध्ये झाल्यावर ते बेट या मार्गावर आले.

या मार्गाचे सहा टप्पे अनुक्रमे सुमारे ३,६७०, ४३०, ६४५, ५५५, ७०५ व १,०२० किमी. लांबीचे आहेत. त्यांची बेरीज ७,०२५ किमी. होते, म्हणजे थेट मार्गापेक्षा अंतर केवळ १५ टक्क्यांनी वाढते. वेळ मात्र जवळजवळ दुप्पट होतो. प्रत्येक ठिकाणी पाऊण ते एक तास जमिनीवर जातो, हे त्याचे उघड कारण आहे. शिवाय चारपाचशे किमी.च्या टप्प्यात विमान पूर्ण उंचीवर पोहोचते न पोहोचते तोच उतरू लागते. त्याला पूर्ण वेगाने जाण्यास अवधीच मिळत नाही. लहान टप्प्यांच्या मार्गाचा सरासरी वेग त्यामुळे नेहमी कमी असतो. मधल्या बेटांवर दुरुस्तीची सोय नसल्याने विमानातूनच एक यंत्रज्ञ व आवश्यक सुटे भाग नेले जातात. क्वाजालेन हा अमेरिकन लष्करी तळ असल्यामुळे परवाना नसलेल्या प्रवाशांना तेथे विमानाबाहेर पडता येत नाही.

थेट विमानातील प्रवाशाला हा वळसा निरर्थक वाटेल. बेटांवरील लोकांच्या दृष्टीने मात्र या मार्गाची लांबी ग्वॉमपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. कोस्राईच्या रहिवाशाला पोनपेई एक तासावर आहे आणि गंभीर आजारासाठी लागणारे मोठे रुग्णालय होनोलुलूला किंवा ग्वॉममार्गे मानिलाला आहे. औषधे, टपाल, ताजी मासळी, शिकावयास जाणारी मुले व परदेशी मृत्यू पावलेल्या नातलगांचे देह या सर्वांची ने-आण याच विमानातून होते. करोना महासाथीच्या काळात मार्च २०२० पासून मार्शल बेटे व मायक्रोनीशियाची संघीय संस्थाने यांनी आपल्या सीमा बंद केल्या, तेव्हा परदेशी अडकलेल्या अनेक बेटवासीयांना दीर्घ काळ घरी परतता आले नाही. संघीय संस्थानांच्या सीमा १ ऑगस्ट २०२२ रोजी पुन्हा उघडल्या.

चुउकची धावपट्टी सुमारे १,८३० मी. लांब असून तिची टोके खारकच्छाच्या पाण्याशी भिडलेली आहेत. पापुआ न्यू गिनीच्या विमानसेवेचे एक बोइंग ७३७ विमान २८ सप्टेंबर २०१८ रोजी तेथे उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच पाण्यात पडले. विमानातील ४७ जणांपैकी एक प्रवासी मरण पावला. उरलेल्या ४६ जणांचे प्राण वाचले, ते मुख्यतः किनाऱ्यावरून ताबडतोब आपल्या होड्या घेऊन विमानाकडे धावलेल्या स्थानिक लोकांमुळे.